फोन आक्कांचा, पिन आमच्याकडे



आम्ही मंगळवेढा तालुक्यातल्या चौघी मैत्रिणी. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहोत. सकाळच्या एसटीनं कॉलेजला जातो आणि दुपारच्या एसटीनं परत येतो. हे बोलणं तुमच्यापर्यंत पोचेल तेव्हा तुम्ही बहुतेक भाकरी थापत असाल. हाताला पीठ लागलेलं असेल. राहू द्या, हात धुवायची गरज नाही. कान इकडे दिलात तरी पुरे.

आज मोबाईलबद्दल बोलायचं आहे. पण ‘मोबाईलनं पोरं बिघडली’ हे सांगायला आम्ही आलो नाही. ते तुम्ही रोज ऐकता आणि आम्हीही रोज ऐकून घेतो. आमच्याच गल्लीत घडलेली एक गोष्ट सांगायची आहे, आणि तिच्या निमित्तानं आम्हाला जे समजलं ते तुमच्याही उपयोगी पडावं एवढीच इच्छा आहे.

आम्ही घरी येऊन दप्तर खाली ठेवतो न ठेवतो तोच दारातून हाक येते, “पोरी, जरा बघ की गं, काय मेसेज आलाय.” कुणाला गॅसचं सिलिंडर नोंदवायचं असतं. कुणाला पुण्याच्या लेकानं पैसे टाकले का ते बघायचं असतं. कुणाला शाळेच्या ग्रुपवर गुरुजींनी काय कळवलंय ते वाचून हवं असतं. कुणाला दुकानदाराचे खताचे पैसे पाठवायचे असतात. सरकारी योजनेची ई-केवायसी निघाली की मग विचारूच नका. आधार कार्डं घेऊन अंगणात बायकांची रांग लागते, आणि आम्ही एकेकीच्या फोनवर ओटीपीची वाट बघत रात्रीपर्यंत बसतो.

खरं सांगायचं तर हे आम्हाला आवडायचं. मोठ्या बायका आपल्याला मानतात, चहा करून देतात, ‘शिकली म्हणून उपयोग झाला’ म्हणतात. घरात आमचं कुणी फारसं ऐकत नसलं तरी गल्लीत आमच्यावाचून अडतं, याचा थोडा तोराही होता.

आमच्यातल्या एकीची आजी चौथी शिकलेली आहे. तिच्या तरुणपणी गल्लीत वाचता येणारी बाई ती एकटीच. सोलापूरच्या गिरणीत कामाला गेलेल्यांची पत्रं ती वाचून दाखवायची, मनीऑर्डरच्या फॉर्मवर खाली लिहिलेल्या दोन ओळी वाचून दाखवायची. ती म्हणते, “कुणाच्या घरी काय चाललंय ते मला घरधनिणीच्या आधी कळायचं. म्हणून तोंडाला कुलूप लावून राहावं लागायचं.” आता ते काम आमच्याकडे आलं आहे. फरक एवढाच, की आजी पत्र वाचून परत द्यायची आणि तिथं तिचं काम संपायचं. आमचं काम संपत नाही. फोन परत दिला तरी त्या फोनची किल्ली आमच्या डोक्यात राहते. गल्लीतल्या अकरा बायकांचे पिन आम्हाला पाठ होते. त्यात काही चुकतंय असं आम्हाला कधी वाटलंच नाही.

हे आमच्याच गावात होतं असंही नाही. केंद्र सरकारचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण 2019 ते 2021 या काळात झालं. त्यात 15 ते 49 वयाच्या बायकांना विचारलं होतं, की स्वतः वापरता असा मोबाईल तुमच्याकडे आहे का? देशभरात 100 पैकी साधारण 54 जणी ‘हो’ म्हणाल्या. इंटरनेट कधी तरी वापरलंय असं सांगणाऱ्या बायका 100 मध्ये 33 होत्या आणि पुरुष 57. त्यानंतर फोन वाढले असतील. पण फोन घरात येणं वेगळं आणि तो आपल्या ताब्यात असणं वेगळं. आक्कांच्या बाबतीत हेच झालं.

आक्का आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात. त्या एकट्याच असतात. दोन म्हशी आहेत. डेअरीला दूध घालतात आणि दर दहा दिवसांनी दुधाचं बिल बँकेच्या खात्यात जमा होतं. मुलानं त्यांना स्मार्टफोन घेऊन दिला तेव्हा पैसे पाठवायचं अ‍ॅप आमच्यातल्याच एकीनं चालू करून दिलं. पिनही तिनंच ठरवला. आक्का विसरतील म्हणून तो भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहूनही ठेवला. पेंडीचे पैसे, दवाखान्याचे पैसे, भिशीचा हप्ता, सगळं तीच पाठवायची. आक्का शेजारी बसून बघायच्या.

एके दिवशी आक्का बँकेत जाऊन पासबुक भरून आल्या. चार महिन्यांत चार वेळा 199 रुपये गेले होते. आक्कांनी कुणाला दिले नव्हते. आमच्या मैत्रिणीला त्या काहीच बोलल्या नाहीत, फक्त हाक मारायच्या बंद झाल्या. ती दारावरून गेली तर त्या म्हशीकडे बघायला लागायच्या. मग गिरणीवर दळणाच्या रांगेत कुणी तरी म्हणालं, “पिन तर तिलाच माहीत.”

एवढं एक वाक्य पुरलं. दोन दिवसांत ते आमच्या मैत्रिणीच्या घरी पोचलं. तिच्या आईनं तिचा फोन कपाटात ठेवला आणि सांगितलं, उद्यापासून कुणाच्या दारात पाऊल टाकायचं नाही. वडील म्हणाले, कॉलेजही पुरे झालं. ती आठवडाभर एसटीला आली नाही. 796 रुपयांसाठी एका मुलीचं शिक्षण थांबायची वेळ आली होती. आणि तिच्याकडे ‘मी घेतले नाहीत’ म्हणण्यापलीकडे पुरावा काय होता? पिन तिला माहीत होता हे तर खरंच होतं.

आम्ही उरलेल्या तिघी तिच्या आईला घेऊन आक्कांकडे गेलो. पासबुक मागून घेतलं. बघितलं तर चारही वेळा रक्कम तीच आणि तारीखही तीच. चोर काही असा तारीख धरून येत नाही. मग अ‍ॅप उघडलं आणि त्यात ‘ऑटोपे’ नावाची जागा शोधली. तिथं एका मालिका-सिनेमांच्या अ‍ॅपचं नाव होतं. दिवाळीच्या सुट्टीत आक्कांचा भाचा आला होता. ‘पहिला महिना फक्त एक रुपया’ अशी जाहिरात बघून त्यानं ते घेतलं होतं, आणि पिन कॅलेंडरवरून वाचून टाकला होता. त्या पोराला वाटलं, एकच रुपया तर जातोय. पुढच्या महिन्यापासून आपोआप 199 जातील हे खाली बारीक अक्षरात होतं.

आम्ही ते तिथल्या तिथं बंद केलं. गेलेले पैसे त्या अ‍ॅपवाल्यांकडून परत आले नाहीत, कारण परवानगी खऱ्या पिननंच दिलेली होती. भाच्याच्या आईनं ते आक्कांना दिले. आक्का दुसऱ्या दिवशी खरवस घेऊन आमच्या मैत्रिणीच्या घरी गेल्या. ती परत एसटीला यायला लागली. पण त्या दिवसापासून आम्ही ठरवलं, कुणाचाही पिन डोक्यात ठेवायचा नाही. त्यासाठी आधी आम्हालाच हे सगळं नीट समजून घ्यावं लागलं. जे समजलं ते आता तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट पिनची. फोनवरून पैसे द्यायच्या या पद्धतीला यूपीआय म्हणतात. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननं ती 2016 साली सुरू केली. तिचा पिन चार किंवा सहा आकड्यांचा असतो. लहानपणीचा मातीचा गल्ला आठवा. त्यात पैसे टाकायला काही उघडावं लागतं का? नाही, फटीतून नाणं आत जातं. काढायचे असले तरच तो फोडावा लागतो. खात्याचंही तसंच आहे. खात्यात पैसे यायला पिन लागत नाही. तो लागतो पैसे द्यायला आणि शिल्लक बघायला. म्हणून कुणी म्हणालं, “तुमचे पैसे पाठवलेत, फक्त पिन टाका” किंवा “हा चौकोनी कोड स्कॅन करा म्हणजे पैसे मिळतील,” तर समजायचं, हा माणूस द्यायला नाही, न्यायला आलाय.

दुसरी गोष्ट ओटीपीची. पिन ही आपली कायमची किल्ली आहे. ओटीपी ही एका वेळेपुरती चिठ्ठी आहे, थोड्या वेळानं ती कामाची राहत नाही. ही चिठ्ठी आपल्या नंबरावर येते, म्हणजे समोर तुम्हीच आहात याची खूण पटते. ती दुसऱ्याला वाचून दाखवली, तर ‘मीच ती’ असं म्हणायचा हक्क आपण त्याला दिला. बँकेचा माणूस फोनवर ओटीपी विचारत नाही. विचारला, तर तो बँकेचा नाही.

तिसरी गोष्ट ऑटोपेची, म्हणजे आक्कांचे पैसे गेले ती वाट. पेपरवाल्याला महिन्याचे पैसे ठरवून द्यावेत तसं हे आहे. परवानगी देताना एकदा पिन टाकावा लागतो. नंतर ठरलेल्या तारखेला लहान रकमा पिन न विचारता जातात. पैसे जायच्या किमान 24 तास आधी कळवलं पाहिजे असा नियम आहे, आणि आक्कांच्या फोनवर तसे मेसेज आलेही होते. पण ते इंग्रजीत होते आणि इतर जाहिरातींच्या गर्दीत पडून राहिले. तुमच्या पैशाच्या अ‍ॅपमध्ये तुमचं नाव किंवा फोटो असतो त्या भागात ऑटोपेची यादी सापडेल. यादीत अनोळखी नाव दिसलं तर तिथंच ते रद्द करता येतं. नुसतं ते मालिकांचं अ‍ॅप फोनमधून काढून टाकून भागत नाही. अ‍ॅप गेलं तरी परवानगी बँकेत तशीच राहते.

चौथी गोष्ट लग्नपत्रिकेची. लग्नसराईत व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रिका येतात. पत्रिका म्हणजे फोटो असतो किंवा वाचायचा कागद असतो. पण कधी कधी पत्रिकेच्या नावाखाली येणाऱ्या फाइलच्या शेवटी ‘एपीके’ अशी तीन इंग्रजी अक्षरं असतात. ती पत्रिका नसते, ते अख्खं अ‍ॅप असतं. ते उघडलं की फोन विचारतो, हे बसवू का, याला मेसेज वाचू देऊ का? आपण घाईत ‘हो’ म्हणत जातो. मग बँकेचा ओटीपी आपल्या आधी तो भामटा वाचतो. कधी ही फाइल गाडीच्या दंडाच्या नावानं येते, तर कधी शेतकऱ्यांच्या योजनेच्या नावानं. ती आपल्याच नणंदेच्या किंवा जावेच्या नंबरावरूनही येऊ शकते, कारण त्यांचाही फोन आधीच त्याच्या हाती गेलेला असतो. म्हणून अशी फाइल आली तर उघडायच्या आधी त्यांना साधा फोन लावा आणि विचारा, “पत्रिका तुम्हीच पाठवलीत का?”

इतकं सांभाळूनही पैसे गेले तर काय करायचं? पहिल्यांदा 1930 या नंबरावर फोन करायचा. हा देशभरासाठी सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर आहे. लगेच कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात अडवून धरता येण्याची शक्यता असते. भामटे ते भराभर पुढच्या पुढच्या खात्यांत फिरवतात, म्हणून उशीर करायचा नाही. मग बँकेला कळवायचं आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यायचा. रिझर्व्ह बँकेनं 2017 साली याबद्दल नियम केले. आपण पिन किंवा ओटीपी दुसऱ्याला दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपल्या माथी. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेनं सोसायचं. म्हणजे ‘घरी कळलं तर बोलणी बसतील’ म्हणून लपवून ठेवलेली प्रत्येक घटका आपल्याच अंगावर येते. बायका घाबरून लपवतात, आणि भामट्याला नेमकं तेच हवं असतं.

हे सगळं समजल्यावर आम्ही समाजमंदिरात रविवारी दुपारी बसायला लागलो. नियम एकच ठेवला, की फोन तुमच्या हातात आणि आमचे हात पाठीमागे. आम्हाला हे फार जड गेलं. दहा सेकंदांचं काम मावशींना दहा मिनिटं लागतं. हात सारखा पुढं येतो. ‘द्या इकडं, मी करते’ हे शब्द ओठांवर येतात. पण तेव्हा फोन हातात घेतला की मावशी पुन्हा बघायच्या कामावर जातात, हे आम्हाला दिसायला लागलं. त्यांना येत नव्हतं हे अर्धंच खरं होतं. आम्ही त्यांना कधी करूच दिलं नव्हतं.

पहिल्या रविवारी प्रत्येकीनं आपला पिन बदलला. नवा पिन टाकताना आम्ही भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिलो. पिन विसरला तरी घाबरायचं कारण नाही. एटीएम कार्डावरचे शेवटचे सहा आकडे आणि कार्डाची मुदत टाकून, किंवा आधारवर येणाऱ्या ओटीपीनं, नवा पिन करता येतो. दुसऱ्या रविवारी सगळ्यांनी एकमेकींना एकेक रुपया पाठवला. पैसे पाठवायच्या आधी समोरच्याचं नाव पडद्यावर येतं. ते मोठ्यानं वाचायचं आणि मगच पुढं जायचं. एका मावशींनी नाव न बघता रुपया भलतीकडेच पाठवला. सगळ्या हसल्या, पण धडा एका रुपयात मिळाला.

तिसऱ्या रविवारी अ‍ॅपची भाषा मराठी केली आणि बोलून लिहायला शिकलो. लिहायच्या पाटीवर माईकचं चित्र असतं. ते दाबून मराठीत बोललं की अक्षरं आपोआप उमटतात. एका आजींना अक्षरओळख नाही. त्यांना आम्ही काय शिकवणार, असं आम्हाला वाटलं होतं. पण बाजारात हिशेब त्या तोंडी करतात आणि आकडे सगळे ओळखतात. आठ दिवसांत त्यांना पिन बोटांनी पाठ झाला. वर डावीकडे, मग मधे, मग खाली, असा. तो कुठला, ते आम्हाला माहीत नाही आणि माहीत नाही हेच बरं आहे. ज्यांच्याकडे साधा बटणांचा फोन आहे, त्यांनाही, नंबर खात्याला जोडलेला असेल तर, *99# लावून शिल्लक बघता येते. त्याला इंटरनेट लागत नाही.

सगळंच जमलं असं मात्र नाही. काही जणींच्या खात्याला आणि आधारला नवऱ्याचा नाही तर मुलाचा नंबर जोडलेला आहे. मुलगा पुण्याला असतो, ओटीपी तिकडे जातो आणि बाई इकडे थांबून राहते. पिन कितीही पाठ केला तरी त्याचा इथं उपयोग नाही. त्यासाठी आधार केंद्रावर जाऊन आपला नंबर आधारला जोडून घेता येतो. नंबर बदलायला वेगळी कागदपत्रं लागत नाहीत. थोडी फी लागते आणि ठसा द्यायला स्वतः जावं लागतं. मग बँकेतही तो नंबर द्यायचा. हे ऐकायला सोपं आहे. पण तालुक्याला जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते, आणि घरात ‘तुला वेगळा नंबर कशाला’ या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं.

असा प्रश्न एका रविवारी समाजमंदिराच्या दारातच आला. एका ताईंचे मालक येऊन म्हणाले, “आता आमच्यावर विश्वास राहिला नाही का?” आम्ही गप्प झालो. ताईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “तुम्ही रानात असताना पोराला ताप भरला, तर दवाखान्यात पैसे कुणाच्या फोननं देऊ?” मालक थोडा वेळ उभे राहिले आणि निघून गेले. पुढच्या आठवड्यात ताई आधार केंद्रावर जाऊन आल्या. मोटारसायकलवरून त्यांना नेणारे मालकच होते.

आक्का मात्र अजून हाक मारतात. परवाच त्यांनी आमच्या मैत्रिणीला बोलावलं, “पोरी, जरा बघ की गं, बरोबर करतेय का मी.” पेंडीवाल्याचे पैसे पाठवत होत्या. नाव वाचलं, रक्कम टाकली, आणि पिनची वेळ आली तशी त्यांनी फोनवर पदर धरला. आमची मैत्रीण हसली आणि तोंड फिरवून उभी राहिली. तिला राग आला नाही. उलट तिच्या डोक्यावरचं मोठं ओझं उतरलं होतं.

तर मैत्रिणींनो, आज भाकरी झाल्या की तीन कामं करा. ऑटोपेची यादी उघडून बघा. ज्या पोरीला किंवा पोराला तुमचा पिन माहीत आहे, त्याच्यासाठीच म्हणून तो बदला. आणि कॅलेंडरच्या कोपऱ्यात काही लिहायचंच असेल, तर पिन खोडून तिथं 1930 लिहा.

नमस्कार.